डोंग्यानेच जायचं गाव : गोसेखुर्दच्या पाण्यातल्या ढिवर वस्तीला पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा गेले तेव्हा मोबाईलवरचा नकाशा सांगत होता, "आणखी दोन किलोमीटर सरळ." समोर डांबरी रस्ता होता, कडेला पांढऱ्या पट्ट्या मारलेला, आमच्या गल्लीतल्या रस्त्यापेक्षा चांगला. तो हळूहळू उतरत थेट पाण्यात शिरला होता. पाणी रस्त्याला लागतं तिथं डांबरावरच एक बाई कपडे धूत बसली होती. तिनं माझ्या स्कूटीकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोठी जाता जी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मंग गाडी इथंच ठेवा. अन् आज नाई जमत आता. सकाळी या, डोंगे गेले निंगून."

डोंगा म्हणजे इथली छोटी नाव. दुपारचे साडेबारा वाजले होते. मी भंडाऱ्याहून आले होते आणि तशीच परत गेले. त्यानंतर पाच-सहा वेळा जाऊन आले, दोनदा मुक्कामही केला. तुमची पहिली खेप माझ्यासारखी वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

थोडं ठिकाणाबद्दल. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, ३३ दरवाजे आहेत, भिंत अकरा किलोमीटरहून लांब. पाणी मागे पार भंडाऱ्यापर्यंत फुगतं. त्यात गावं गेली, माणसं पुनर्वसनात गेली, पण काही उंचवटे वर राहिले, चारही बाजूंनी पाणी. ढिवर, म्हणजे मासेमारीवर पोट असलेला समाज, त्यांची काही घरं अशाच उंचवट्यावर राहतात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांनीच तसं सांगितलं आहे. कोणीतरी रील टाकली, त्यानंतर चार रविवार काठावर गाड्यांची रांग आणि पाण्यात चिप्सची पाकिटं. नाव तुम्हाला कळायचं असेल तर ओळखीतून कळेल, आणि पहिली पायरीही तीच आहे.

१. आधी ओळख काढा

इथं तिकीटघर नाही, फेरीबोट नाही. जो डोंगा तुम्हाला नेणार तो एखाद्या घराच्या पोटापाण्याचा आहे. त्यामुळे "बोट मिळेल का?" असं काठावर जाऊन विचारलं की उत्तर "नाही" येतं, किंवा कोणीतरी पोरगा भलताच भाव सांगतो.

माझी ओळख नवऱ्याच्या ऑफिसातल्या शिपाईदादांमुळे निघाली, त्यांच्या मावशीचं घर तिथं. तुमच्याकडे असा दुवा नसेल तर दोन दारं आहेत. एक, मच्छीमार सोसायटी, म्हणजे मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था. तिच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला गाठा. दुसरं, सकाळी काठावर काटा घेऊन मासे तोलायला येणारा व्यापारी. त्याला प्रत्येक डोंगेवाल्याची खडानखडा माहिती असते, आणि दोन दिवस चहाला भेटलात की तो स्वतःच फोन लावून देतो.

फोन संध्याकाळी सातनंतर करा. वस्तीत रेंज नसते. पोरं टेकाडावर चढून बसतात तेव्हाच फोन लागतो. आणि "या ना जी, कधीबी या" हे आमंत्रण धरू नका. ते सौजन्य आहे. तारीख, वेळ आणि कोणाच्या डोंग्यात, या तीन गोष्टी ठरल्या तरच आमंत्रण.

इथं एक मोठा खड्डा आहे, मी त्यात पडले म्हणून सांगते. हातात वही, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी अशा थाटात गेलात तर तुम्ही सर्वेवाले ठरता. मग पहिला प्रश्न येतो, "मॅडम, आमच्या मोबदल्याचं काय झालं?" मी नकळत "बघते" म्हणाले. आपल्याकडे "बघते" म्हणजे विषय संपवायचा शब्द. तिथं तो शब्द दिल्यासारखा झाला. पुढच्या खेपेला एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत घेऊन काठावर माझी वाट पाहत उभे होते. कोण आहात, कशाला आलात, काय करू शकत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका.

२. दिवस नीट निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चांगले महिने. पाणी भरलेलं असतं, डोंगा थेट वस्तीच्या पायथ्याशी लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं उतरतं. धुकं फाटेपर्यंत नावाडी निघत नाही, तुम्हीही घाई करू नका.

मार्चपासून पाणी ओसरू लागतं आणि काठ लांब जातो. मधे उरतो गाळ. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. मे महिन्यातलं ऊन तर विचारूच नका.

जून ते सप्टेंबर जायचंच नाही. तुमच्याकडे आभाळ कोरडं आहे म्हणून नदी शांत आहे असं इथं होत नाही. वैनगंगेला पाणी मध्य प्रदेशातून येतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पाऊस वर पडला, तिकडच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं आणि भंडाऱ्यात घरांच्या छपरांपर्यंत चढलं. ते ज्यांनी पाहिलं त्यांना मी हे सांगायला नको.

आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. त्या दिवशी डोंग्यात माणसं, तांदळाची पोती, कोंबड्या, गॅसचं सिलिंडर, सगळं एकदम असतं. आणि मासे खायच्या इच्छेनं जाणार असाल तर मार्गशीर्षातला गुरुवार धरू नका, बऱ्याच घरांत उपास असतो आणि चुलीवर मासोळी चढत नाही.

३. जाळ्याच्या वेळेनं चाला

हे एक कळलं की निम्मी अडचण संपते. माझी पहिली खेप याच अज्ञानापायी गेली.

संध्याकाळी ऊन कललं की जाळी टाकतात. पहाटे, बहुतेक चारच्या आसपास, ती उचलतात. सहा-सातला मासे घेऊन डोंगे काठाला लागतात. व्यापाऱ्याचा काटा, बर्फ, हिशोब, मग चहा. त्यानंतर तेल, मीठ, राशनचा तांदूळ घेऊन डोंगे वस्तीकडे परततात. ही आठ-साडेआठची परतीची खेप तुमची. रिकाम्या होऊन चाललेल्या डोंग्यात तुम्ही कोणाचं काम अडवत नाही. दहानंतर लोक झोपतात, ते रात्रभर जागे असतात हे लक्षात घ्या. दुपारी वारा उठतो, पाण्यावर लाटा येतात, आणि "वारा सुटला का डोंगा नाई निंगत" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळतं. त्यावर वाद घालू नका.

म्हणजे काठावर साडेसातला पोचायचं. नागपूरहून पहाटे निघा किंवा आदल्या रात्री भंडाऱ्यात नाहीतर पवनीत मुक्काम करा. दोन्हीकडे एसटी आहे आणि बायांना अर्धं तिकीट लागतं. रेल्वेनं येणार असाल तर भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहरात नाही. तिथून ऑटो करावा लागतो. जुन्या लेखांत पवनी रोड स्टेशनचा उल्लेख सापडेल, पण नागपूर-नागभीड ही छोटी लाईन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद केली, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय त्या भरवशावर निघू नका.

डोंगा चुकलाच तर दिवस वाया घालवू नका. पवनीत वैनगंगेचे घाट आहेत, जुना दरवाजा आहे, आणि १९६९-७० च्या उत्खननात याच गावाजवळ बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. नाहीतर कुही तालुक्यातलं अंभोरा गाठा. तिथं कन्हान वैनगंगेला मिळते, २०२४ मध्ये खुला झालेला मोठा पूल आहे, आणि काठावर तळलेली मासोळी खायला मिळते. त्याआधी अलीकडच्या काठाहून पलीकडे जायला तिथंही नावच होती.

४. डोंग्यात बसताना

ही पायरी दोनदा वाचा.

आधी लाईफ जॅकेट. तिथं मिळेल असं समजू नका, स्वतःचं न्या. लोक हसतील, हसू द्या. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातली ११ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला. पोहता येतं म्हणणाऱ्यांनाही सांगते, पाण्याखाली इथं मोकळी जागा नाही; बुडालेली झाडं आहेत, कुंपणाच्या तारा आहेत, सोडून दिलेली जाळी आहेत.

चपला काढून हातात घ्या. पाठीवरची सॅक उतरवून पुढे धरा. पाण्यात पडलात तर पाठीवरचं ओझं तुम्हाला उताणं करतं. पाय डोंग्याच्या मधोमध टाका, काठावर कधीही नाही. चढलात की लगेच खाली बूड टेका. तळाशी थोडं पाणी असणारच, त्याला घाबरू नका. नावाडी तेलाचा कॅन तिरका कापून केलेल्या भांड्यानं ते सारखं उपसत असतो. एका हातानं उपसतो, दुसऱ्या हातात वल्हं, तोंडानं बोलणं चालू. पण पाणी घोट्याच्या वर आलं आणि तो बोलायचा थांबला, तर तुम्हीही गप्प बसा आणि तो सांगेल ते करा.

उभं राहून फोटो नाही. एका बाजूला सगळ्यांनी झुकून पक्षी बघायचे नाहीत. डोंगा भरलेला वाटला तर उतरून पुढच्या खेपेची वाट पाहा. "आणखी एक बसते की" म्हणणारा माणूस नावाडी नसतो, त्याचा शेजारी असतो. नावाड्यानं थोडी घेतली असेल तर त्या दिवशी जाऊ नका. तोंडावर बोलायला जड जातं, म्हणून मी पोट दुखतंय असं सांगून परत फिरले होते.

मधल्या पाण्यात सुकलेले खुंट वर आलेले दिसतील, प्रत्येकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. फोटोसाठी सुंदर, डोंग्यासाठी वाईट. कारण जितके वर दिसतात त्याहून जास्त पाण्याच्या वितभर खाली असतात. आमचे नावाडी मामा ते खुंट ओळखून डोंगा नेतात. "हा बोरीचा, याच्या उजव्या अंगानं. तो चिंचेचा, तिथून सरळ." मी विचारलं, पाण्याखालचे कसे कळतात? म्हणाले, "माह्याच वावरातले आहेत ना जी."

म्हणूनच स्वतःची हवा भरायची बोट किंवा कायाक घेऊन जाण्याचा विचार डोक्यातून काढा.

पैशाचं आधी ठरवा. "द्या तुमच्या मर्जीनं" म्हणतील, आणि मग तुम्ही कमी दिलेत तर ते बोलणार नाहीत, पण पुढच्या वेळी फोन उचलणार नाहीत. माझा हिशोब सोपा आहे. चहाच्या टपरीवर त्या भागातली दिवसाची मजुरी विचारायची आणि येण्या-जाण्याचे मिळून निदान तेवढे द्यायचे. इंजिनचा डोंगा असेल तर डिझेल वेगळं. मुलं सोबत असतील तर मुलांसकट माणसं मोजून सांगा.

५. पिशवीत काय हवं

- आधार कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटात. मुक्काम करणार असाल तर पोलीस पाटलांना भेटून नाव सांगायचं असतं.
- सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. काठावर क्यूआर कोड आहे, वस्तीत रेंज नाही.
- प्यायचं पाणी, माणशी निदान तीन लिटर. जलाशयाचं पाणी उकळूनही पिऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून याच पाण्यात येतं. वस्तीत बोअरिंग आहे, पण ते त्यांना पुरेसं असू द्या.
- झाकणाचा प्लास्टिकचा डबा, मोबाईल आणि पाकीट ठेवायला. झिपच्या पिशवीवर विसंबून माझा एक फोन गेला.
- टॉर्च, टोपी, कोरडे कपडे, ओडोमॉस, रोजच्या गोळ्या.
- घट्ट बसणाऱ्या रबरी चपला. बूट नकोत, चिखलात राहून जातात.
- भेट न्यायची तर चहापत्ती, साखर, गोडं तेल. चॉकलेटं वाटत फिरू नका, पोरं मागे लागतात आणि आयांना ते आवडत नाही.

ड्रोन घरी ठेवा. धरणाच्या परिसरात परवानगीशिवाय ते उडवणं अंगाशी येतं. शिवाय या पाण्याच्या एका अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. त्या काठाला उतरायचं नाही. प्रवेशाचे नियम आहेत आणि वाघही आहेत.

६. वस्तीत पोचल्यावर

उतरल्यावर ज्यांच्या ओळखीनं आलात त्यांच्याच घरी आधी जा, पाणी घ्या, बसा. "कोण गावचे जी? कोणाच्या इथं आले?" हे चार जण चार वेळा विचारतील. चारही वेळा नीट उत्तर द्या. वडीलधाऱ्यांना मामा, बाई, आजी म्हणा. "काका-काकू" म्हटलं तरी चालतं, पण शहरी वाटतं.

जाळ्यांपासून सांभाळा. नायलॉनची बारीक जाळी अंगणात, बांबूवर, कधी वाटेतही वाळत घातलेली असतात आणि उन्हात दिसतच नाहीत. माझ्या सँडलच्या बकलात एक जाळं अडकलं आणि मी वेड्यासारखा पाय झटकला. जाळ्याची पाच-सहा घरं, म्हणजे विणीचे चौकोन, तुटली. मालक काही बोलला नाही. दुपारची झोप सोडून, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात ताणून धरून, सुईनं तो ती घरं भरत बसला. मी शेजारी बसून माफी मागत होते आणि तो म्हणत होता, "रायते जी." पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला मी व्यापाऱ्याला विचारून त्याच जाडीच्या दोऱ्याची रिळं नेली, ती मात्र त्यानं ठेवून घेतली.

फोटो विचारून काढा. घाटावरच्या बायांचे विचारूनही काढू नका. घरात मासे किती मिळतात, किती पैसे सुटतात, हे पहिल्याच भेटीत विचारायचं नसतं. त्यापेक्षा मासोळ्यांबद्दल विचारा. रोहू, कतला हे सोडलेल्या बोटुकलीतून, म्हणजे माशांच्या पिल्लांतून, वाढतात. मरळ, झिंगे (कोळंबी) यांची गोष्ट वेगळी, आणि धरणानं पाणी थांबल्यापासून कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या हे सांगताना लोक तास तास रमतात.

७. जेवण, रात्र आणि अडचण

जेवण म्हणजे भात आणि तिखट रस्सा. बारीक काट्यांच्या मासोळ्या शहरी हातांना जमत नाहीत, झिंगे मागा. मासे खात नसाल तर आदल्या दिवशीच कळवा, ऐनवेळी सांगितलंत तर घरातली बाई संकोचानं हैराण होते. जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात द्या, पुरुषाच्या नाही.

संडास काही घरांना आहे, काहींना नाही. बायांनी हे लाजत न बसता पोचताच यजमानीणबाईंना विचारून घ्यावं. त्या स्वतः सोबत येतात. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, चहूबाजूंनी पाणी असलेल्या उंचवट्यावर साप असतातच. कोणाला काही झालं तर १०८ ची गाडी फक्त काठापर्यंत येते. मधलं पाणी डोंग्यानंच कापायचं असतं, तेही रात्री. म्हणून दिवस भरलेल्या बायांनी, दम्याच्या किंवा हृदयाच्या पेशंटनी मुक्कामाचा हट्ट करू नये.

८. परत येताना

मुक्काम केला असेल तर पहाटे मासे घेऊन निघणाऱ्या डोंग्यात जागा मागा. त्याच दिवशी परतायचं असेल तर किती वाजता निघायचं हे जातानाच ठरवून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. एकदा वारा पडलाच नाही, मी रात्रभर अडकले आणि घरी नवऱ्यानं पोलिसांना फोन करायची तयारी केली होती. तेव्हापासून मी निघताना काठावरच्या चहावाल्याचा नंबर घरी देऊन येते.

मासे विकत घ्यायचे तर वस्तीत घेऊ नका. त्यांचा माल व्यापाऱ्याकडे बांधलेला असतो, उचल घेतलेली असते. तुम्हाला परस्पर दिले तर त्यांचा हिशोब बिघडतो. काठावर काट्याशीच घ्या, तिथं बर्फही मिळतो.

आणि ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. मी एकदा थर्माकोलच्या खोक्यात नेले होते. पवनीहून एसटी सुटून दहा मिनिटं झाली नाहीत तोच बर्फाचं पाणी सीटखालून पुढे सरकत कंडक्टरच्या बुटापर्यंत गेलं. त्यानं वाकून बघितलं, वास घेतला आणि पुढच्या थांब्यावर खोकं कोणाचं म्हणून अख्ख्या गाडीला विचारलं.